मासे वरच्या बाजूला

सोफ्याची कव्हरं शिवण्यात माझी अकरा वर्षं गेली. कापडाची उलट-सुलट मी डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगते, आणि तो तोरा मिरवतेही. म्हणून पुढचं सांगताना जीभ अडखळते. पण सांगते.

नणंदेला दूरच्या गावी नोकरी लागली. तिला तिथे घर मिळेपर्यंत तिची सात वर्षांची लेक आमच्याकडे आली. 'मिळेपर्यंत' म्हणता म्हणता आठ महिने झाले. आम्ही तिला बटण म्हणतो. मुलींच्या दुमजली पलंगावर माझी लेक वर झोपते, बटण खाली. कुणाला कुठे झोपायचंय, हे मी बटणला कधी विचारलंच नव्हतं.

एकदा तिचे केस विंचरताना फणीत बिस्किटाचा चुरा निघाला. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीची सालं. म्हटलं, कुठे लोळतेस गं? पलंगाशी जाऊन बघितलं तर वरच्या लाकडी पट्ट्यांच्या फटींतून माझ्या कन्येचा सगळा पसारा हिच्या उशीवर गळत होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. पोरीनं ब्र काढला नव्हता.

पट्ट्यांखाली कापड लावायचं ठरवलं. उरलेल्या कापडांचा ढीग तिच्यापुढे टाकला. "कुठलंही चालेल, मामी," हे तिचं पाठ झालेलं वाक्य. मी हट्टालाच पेटले, तेव्हा तिनं हळूच एका निळ्या कापडावर बोट ठेवलं. त्यावर नारिंगी मासे होते. आठ महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू.

रविवारी गादी उतरवली, पट्ट्या काढल्या, रिकाम्या चौकटीवर वरून कापड पसरलं आणि कडेकडेनं स्टेपल मारत गेले. बटण खाली स्टेपलची डबी घेऊन बसली होती. मध्येच म्हणाली, "मामी, हे कापड ना..."

"काम चालू असताना टकळी नको," मी खेकसले. डोक्यावर दोन ऑर्डरी होत्या.

पट्ट्या बसवल्या, गादी टाकली, आणि वरूनच विचारलं, "कसं दिसतंय?"

"छान आहे."

मी खूश. वाकून बघायची तसदीही घेतली नाही.

चार दिवसांनी लेकीचं खोडरबर पट्ट्यांत अडकलं. गादी उचलून ती म्हणाली, "आई, मासे तर माझ्या बाजूला आहेत."

मी खालच्या पलंगावर आडवी झाले. डोळ्यांसमोर फिकट, पांढुरकं कापड, आणि माशांच्या जागी नुसते पुसट डाग. पलंगावर कापड टाकायचं ते सुलट बाजू वर, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. खालून कुणी बघणार आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि माझ्याही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बटण दारात उभी होती.

"तुला तेव्हाच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग परत का नाही सांगितलंस?"

"तू चिडली होतीस." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "मला उलटे पण चालतात, मामी."

सात वर्षांची पोर माझी समजूत काढत होती. तिला आमच्याकडे काय काय चालवून घ्यावं लागलं असेल, याचा हिशोब लावायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी सगळे स्टेपल उपसले. एक नख फाटलं, म्हटलं बरं झालं. मासे खालच्या बाजूला केले. एक कोपरा मात्र मुद्दाम लोंबता ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन पडले. वाटलं, आता तरी ही तक्रार करेल. माझी लेक असती तर एवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं.

"काही राहिलंय का बघ. नीट बघ. मी अजिबात चिडणार नाही."

तिनं सगळीकडे बघितलं. कोपऱ्यापाशी तिची नजर थांबली. मग ती गुडघ्यांवर उठली आणि तळहातानं तो कोपरा वर दाबून धरला.

"काहीच नाही राहिलं," ती म्हणाली. "छान आहे."

हात तसाच वर ठेवून ती मी हसण्याची वाट बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.