एका चुलीला एक

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी शिवकाशीचे छापखाने पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचे नमुने बाहेर काढतात, आणि आठवड्याच्या आत मारिसामी एजंट तो जाडजूड अल्बम काखोटीला मारून तेन्काशीच्या भांडेआळीत उगवतो. यंदाही उगवला. उलगनाथन अण्णाच्चींच्या दुकानात बसकण मारली, तांब्या उंच धरून पाणी घशात ओतलं आणि म्हणाला, "अण्णाच्ची, या वर्षी गोल हजार करून टाका."

"हजार चुली आहेत का माझ्याकडे?"

"चुली कशाला मोजता? बसस्टँडवर उभं राहायचं, येईल त्याच्या हातात द्यायचं. जाहिरात म्हणतात हिला."

"फुकटचं कॅलेंडर माणूस मोरीच्या दाराला टांगतो," अण्णाच्ची म्हणाले. "माझं नाव रोज सकाळी दुसऱ्याच्या आंघोळीत भिजवू का?"

मारिसामी हसला. हे उत्तर त्याला पाठ होतं, तरी तो दरवर्षी हजारापासूनच सुरुवात करायचा.

अण्णाच्चींचा हिशेब चाळीस वर्षांत बदलला नव्हता. ज्या घरात त्यांच्या दुकानची भांडी, त्या घरात त्यांचं कॅलेंडर, आणि तेही एका चुलीला एक. घरात माणसं चार असोत की चौदा. एकदा शेजारची मंगैयर्करसी माडीवरच्या खोलीसाठी दुसरं मागायला आली, तेव्हा चारचौघांत तिला म्हणाले होते, "आधी दुसरी चूल मांड, मग ये." ती बाई दोन वर्षं दुकानाची पायरी चढली नाही. अण्णाच्चींनी नियम मात्र सोडला नाही.

या नियमामुळे गावातल्या वाटण्या वकिलांच्या आधी अण्णाच्चींना कळत. भाऊ वेगळे झाले की नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायला पितळेचं पातेलं लागतंच, आणि ते घ्यायला माणूस याच दुकानात येतो. अण्णाच्ची 'का' म्हणून कधी विचारत नसत. पातेलं काढायचं, त्यावर स्वतःच्या हाताने नाव घालून द्यायचं आणि वहीत एक ओळ वाढवायची, एवढंच त्यांचं काम. आपण फार समंजस आहोत असं त्यांना यामुळे वाटत आलं होतं.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वही धाकटी सून पूंगोडी वाचायची. तिने वही उघडली. पहिल्या पानाच्या माथ्यावर, आपण श्री काढतो तसा, पिळ्ळैयारचा, म्हणजे गणपतीचा, 'उ' काढलेला होता. उलगनाथनचाही 'उ'च, त्यामुळे या गावात कुठलंही शुभकार्य माझ्याच नावाने सुरू होतं, असा अण्णाच्चींचा एक जुना विनोद होता.

"सन्निधी रस्ता," पूंगोडी वाचू लागली. "वेलम्माळ आजी, एक."

"ती गेली की गं चित्तिरै महिन्यात."

"सून करते मामा स्वयंपाक, त्याच घरात."

"मग चूल आहे. राहू दे एक."

"आरुमुगम शिंपी, दोन."

"दोनच. थोरला वैकासी महिन्यात बाहेर पडला. पातेलं मीच दिलं." अण्णाच्ची मारिसामीकडे वळले. "आरुमुगम तेव्हा अजून लोकांना सांगत होता, पोरगा कामासाठी मदुरैला गेलाय म्हणून."

"आता गावात तुमचीच तेवढी एक चूल शाबूत राहिली म्हणायची," मारिसामीने टोला दिला.

"दोन मुलगे, दोन सुना, चूल एक. अकरा वर्षं झाली," अण्णाच्ची म्हणाले. बायको गेली तेव्हा तिने एवढंच मागितलं होतं. दुकान चालो न चालो, ही एक गोष्ट त्यांना मरेपर्यंत टिकवायची होती. "तू आकडा लिहीत राहा."

तासाभरात वही शेवटच्या पानावर आली. शेवटची ओळ नेहमी स्वतःच्या घराची असायची. तोवरची बेरीज सहाशे चाळीस झाली होती.

"आणि आपलं घर," पूंगोडी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "दोन."

"एक गं. ओळ चुकलीस."

"दोन, मामा."

मारिसामीचं पेन थांबलं. मागे तराजूपाशी मोडीचं पितळ तोलत बसलेला थोरला मुलगा शन्मुगवेल उगाचच वजनं काढून पुन्हा ठेवू लागला. अण्णाच्चींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने वर पाहिलं नाही, आणि त्याला सगळं माहीत होतं हे अण्णाच्चींना तेवढ्यावरून कळलं.

"शाळेजवळ घर मिळालंय," पूंगोडी वहीकडे बघत म्हणाली. "पुढच्या महिन्यात, आवणीत, दूध उतू घालायचं ठरलंय. भांडण काही नाही, थोरल्या अक्कालाही माहीत आहे. यांना तुमच्यासमोर बोलायचा धीर होईना. तीन आठवडे रोज आज सांगतो, उद्या सांगतो चाललंय. म्हणून मग मी वहीत लिहिलं."

अण्णाच्चींना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. उभ्या गावाच्या चुली आपण मोजल्या आणि आपल्याच स्वयंपाकघरात काय शिजतंय ते आपल्याला कळू नये, याची लाजही वाटली, तीही एजंटासमोर. 'का' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण चाळीस वर्षांत तो त्यांनी कुणाला विचारला नव्हता. आरुमुगमच्या थोरल्याला नाही, कुणालाच नाही. आता स्वतःच्या सुनेला तेवढा विचारायचा, हे काही जमेना.

"सहाशे बेचाळीस लिही," ते मारिसामीला म्हणाले.

"अण्णाच्ची, ते काय, मी एक जास्तीचं असंच टाकतो, मोजणीत कशाला—"

"मोजणीतच लिही. चूल आहे ती."

मारिसामीने आकडा लिहिला. या वेळी हजाराची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

अण्णाच्ची उठले. दुधाच्या पातेल्यांच्या फळीवरून त्यांनी एक उचललं, बोटाने टिचकी मारून नाद ऐकला, ते ठेवून दुसरं घेतलं. मग छिन्नी आणि हातोडी घेऊन पाटावर बसले. वाचायला दिसत नसलं तरी अक्षर घालायला त्यांना डोळे लागत नसत.

"नाव काय घालू?" त्यांनी विचारलं. हे ते प्रत्येकाला विचारत.

"यांचंच," पूंगोडी म्हणाली. "रीतीप्रमाणे बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आधी, मग इलंगो."

त्यांनी छिन्नी टेकवली आणि चार ठोक्यांत 'उ' काढला. मग हातोडी खाली ठेवून अंगठ्याने त्यावरचा कीस पुसला. पुढचं नाव घालायला त्यांना बराच वेळ लागला.