ब्रेक आणि लाल दिवे

"दाब," गाडीखालून आवाज आला. तिने पेडल दाबलं.

"धर."

तिने धरलं. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची तर एकाने खाली झोपायचं आणि एकाने पेडल सांभाळायचं. संसारभर हे काम तिचंच. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही, पण पेडल कसं लागायला हवं ते तिच्या पायाला पाठ होतं: आधी मऊ, मग दगड. आज त्याचा दगड झालाच नाही. चिखलात पाय रुतावा तसं ते हळूहळू खाली गेलं.

"अहो, खाली जातंय."

"तुझा गुडघा सुटतोय. वय झालं बाईसाहेबांचं," नवरा हसत बाहेर आला. "झालं काम. आता पोरीने खुशाल न्यावी गाडी."

तिने पेडलवरून पाय काढला. नळीचा नट ते नेहमी आधी बोटांनी फिरवत. "आटे बोटाला कळले पाहिजेत, मगच पाना; वाकडे बसले की तेल गळतं," असं म्हणत. आज थेट पाना लावला होता. परवा तर तापलेल्या इंजिनावर हात टेकला तो उचललाच नाही. वास आला तेव्हा तिनेच ओढला. साखरेच्या आजाराने बोटांतली जाणीव गेली होती. लेकीला कळता कामा नये, असं त्यांनी बजावलं होतं.

लेक आपल्या छोटीला घेऊन आली.

"बाबा, खरंच कशाला हो गाडी? लागली की मागवायची, उतरलं की विसरायची."

"भाड्याच्या गाडीला माया नसते."

"पण ड्रायव्हर असतो ना!"

"बॉनेट कुठून उघडतं ते तरी ठाऊक आहे का?"

"तुमच्या जावयालाही नाही. सुखात आहोत दोघं."

हसत हसतच त्यांनी किल्ली लेकीच्या हातात कोंबली. नात मागच्या सीटवर उड्या मारत होती. दारापासून रस्ता सरळ खाली उतरत होता; तळाच्या चौकातून ट्रकांची घरघर वर येत होती.

नवऱ्याचा शब्द तिने चारचौघांत कधी खाली पडू दिला नव्हता. मनातल्या मनात देवाचं नाव घेत तिने मागचं दार उघडलं आणि नातीला उचलून बाहेर घेतलं.

"आई, काय गं?"

"ब्रेक लागत नाहीत नीट. मी दाबून पाहिलंय."

"तू?" लेकीला हसू फुटलं.

"यांच्या बोटांना काही कळत नाही आता. हात बघ त्यांचा. भाजलाय, आणि पत्ता नाही."

लेकीचं हसू विरलं. त्यांनी हात पाठीमागे नेला. लेकीने किल्ली हलकेच पुढे केली. "बाबा, उद्या गॅरेजवाल्याला दाखवू. आज मी टॅक्सीने जाते."

"गॅरेजवाला!" त्यांनी किल्ली हिसकावली. "माझ्या गाडीला परका हात लावणार? थांबा, दाखवतोच."

"अहो, माझं ऐका. एवढं एकदा…"

ते गाडीत बसले, दार आपटलं. कडेवर नात, तिला धावताही येईना. लेक काचेवर थापा मारत चार पावलं पळाली, पण गाडी निसटली. उतारावर मागचे लाल दिवे लागले.

"लागले बघ ब्रेक!" लेक धापा टाकत म्हणाली.

तिने नातीचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं. दिवे लालच राहिले. गाडी मात्र चौकाकडे धावतच होती, आधीपेक्षा जोरात.