हौस सोडून सगळं

मी पहिल्यांदा मेले तेव्हा शेजारच्या सोनटक्केबाई पाच मिनिटांत पिठलं-भात घेऊन आल्या. माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून. त्या मरणात माझं काही जाणार नव्हतं, निदान तेव्हा तसं वाटलं. मिळणार होतं ते हेरंबला.

हेरंब माझा धाकटा दीर. नोकरी सोडून दोन वर्षं तो आमच्या हॉलमध्ये बसून एकच व्हिडिओ गेम खेळत होता. तो गेम अतिशय अवघड म्हणून बदनाम आहे आणि बदनाम आहे म्हणूनच लोक तो खेळतात, असं तो सांगे. माझे यजमान विश्राम या दोन वर्षांना ‘वाया गेलेली’ म्हणत, तेही बहुतेक जेवताना, हेरंबच्या पानात दुसरी पोळी पडली की. हेरंबचं गणित साधं होतं. घरात शहाणी म्हणून माझं नाव आहे. मी जर तो गेम खेळून, पहिली वेस ओलांडून, मनापासून ‘मजा आली’ म्हटलं, तर ती वर्षं वाया गेली असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. माझ्या दोन शब्दांत त्याची दोन वर्षं सुटत होती. एवढा स्वस्त सौदा मी आजवर कुणाला करताना पाहिलेला नाही.

“पण खोटं म्हणायचं नाही, वहिनी,” तो म्हणाला. “तू खोटं बोललीस की मला लगेच कळतं.”

गेममध्ये मला एक उघडा माणूस मिळाला. कमरेला फडकं, हातात वेळूची काठी. चिलखत घेता आलं असतं, पण हेरंबच्या मते नवख्यानं उघड्यानंच सुरुवात करावी, खरी मजा त्यात असते. माझा माणूस एका आडाच्या काठावर जागा होई. तिथून पुढे दगडी पूल, पुलाच्या टोकाला वेस आणि वेशीत एक भालाईत, एवढा उंच की त्याचं डोकं आमच्या टीव्हीत मावत नसे. तो भाला मागे घेई, थांबे, मी कुठे पळतेय ते पाही आणि मग मारी. पडद्यावर लाल अक्षरं येत, माझा माणूस परत आडाशी उभा राही आणि आमच्या दाराची बेल वाजे.

दुसऱ्या मरणाला खालच्या मजल्यावरची माणसंही आली. विश्रामनी सोसायटीच्या हॉलमधून सतरंजी आणून अंथरली आणि पांढरा शर्ट घातला. ते शोक करत होते असं माझ्यानं म्हणवत नाही, पण पिठलं त्यांना मनापासून आवडतं. मी सोफ्यावर कंट्रोलर घेऊन बसलेली होते. लोक मला वळसा घालून विश्रामसमोर बसत आणि कशानं गेल्या म्हणून हळूच विचारत. भाल्यानं, असं हेरंब सांगे. डावीकडे लोळायचं होतं, उजवीकडे लोळल्या. लोक मान हलवत. वेळ आली की असंच होतं, असं कुणीतरी म्हणे.

मग सोनटक्केबाई म्हणाल्या, “लोणचं काय घालायच्या. हाताला अंदाज होता. माप म्हणून कधी लागलं नाही.”

माझ्या तळहातातून काहीतरी खाली उतरलं. मी स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या बरणीत हात घातला. मूठ भरली, पण मुठीत किती मीठ आहे ते मला सांगता येईना.

तिसऱ्या मरणाला, जिन्यातल्या पावलांवरून मी माणूस ओळखत असे, याचं कौतुक झालं. त्यानंतर कोण येतंय ते बेल वाजेपर्यंत मला कळेनासं झालं, आणि बेल तर सारखीच वाजत होती.

म्हणजे जे वाखाणलं जाई ते मेलेल्या बाईबरोबर जाई. मी हे हेरंबला सांगितलं. हा गेम मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे पडद्यावरच्या माझ्या माणसावरची नजर न काढता तो म्हणाला, “सुरुवातीला सगळ्यांचंच होतं तसं.”

“तुझं काय काय गेलं?”

त्यानं जरा विचार केला. “आठवत नाही.”

आता घाबरण्यासारखी माझ्याजवळ एकच गोष्ट होती. मी हौशी आहे. कोजागरीला गच्चीवर दूध आटवायला सगळ्यांना घराबाहेर काढणारी मी, परक्याच्या वरातीत पहिली नाचणारीही मीच. सतरंजीवरचं कुणीही कुठल्याही क्षणी म्हणालं असतं, फार हौशी होत्या हो. गेलेल्या बाईबद्दल हे हमखास म्हणतात. हौस गेली की मजा कुठली यायला. मजा आली नाही की हेरंबची दोन वर्षं कायमची विश्रामच्या जेवणात.

तेव्हा मी बाकीचं खर्चायला काढलं. मरण्याआधीच ठरवून ठेवी, या खेपेला काय द्यायचं. भाला छातीत शिरला रे शिरला की मी सोनटक्केबाईंच्या कानाशी वाकून सांगे, माझं विणकाम बोला. त्या दचकत, पण बोलत. नवीन विषय मिळाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसे. विणकाम गेलं. पाठ असलेल्या आरत्या गेल्या. डोळे बघून ताप ओळखणं गेलं. पोळीचा गोल गेला. माहेरच्या रस्त्याची वळणं बरीच होती, ती मी दोन मरणांत पुरवून दिली. बदल्यात पुलावर दर खेपेला थोडी पुढे सरकत होते. भालाईत भाला मागे घेतो तेव्हा पळायचं नाही, एवढं समजलं. थांबतो तेव्हाही पळायचं नाही, हे समजायला आरत्या आणि पोळ्या दोन्ही लागल्या.

मजा येत होती का? नव्हती येत. जबडा आवळलेला, बोटांना घाम, आणि एक दांडगा माणूस मला पुन्हा पुन्हा भोसकत होता. यात लोकांना काय गोड लागतं ते मला समजत नव्हतं. प्रत्येक मरणानंतर हेरंब माझ्या तोंडाकडे बघे, आपण तापत ठेवलेल्या दुधाकडे बघतो तसा.

एका मरणाची बैठक उठायच्या आत मी दुसऱ्यांदा मरे, त्यामुळे आलेली माणसं जातच नव्हती. सतरंजी भरली. लोक टीपॉयवर बसले, मग टीव्हीच्या पुढ्यात. त्यांच्या डोक्यांमधून मला पडदा दिसे तो आधी खिडकीएवढा, मग ताटाएवढा, मग तळहाताएवढा. त्या तळहातात भालाईताचा फक्त गुडघा मावे. मी गुडघ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायला शिकले.

गुण संपले तेव्हा मी सोनटक्केबाईंना म्हटलं, आता माझं वाईट बोला. वाईट भरपूर आहे. गच्चीवर कुरडया घालायच्या जागेवरून मी तुम्हाला चार बायकांत काय काय बोलले ते आठवा.

त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. “गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. आणि कुरडयांचं मी कधीच मनात ठेवलं नाही.”

साफ खोटं. तेव्हापासून त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलेलं नव्हतं. पण त्यांच्या तोंडून वाकडा शब्द काढणं मला जमलं नाही, आणि गोड शब्दांत आता एकच उरला होता.

पुढच्या खेपेला मी भालाईताला गुडघ्यावर आणलं. अगदी खरोखर, गुडघा दगडाला टेकलेला मी पाहिला. तिथे मी घाई केली. लाल अक्षरं आली. बेल वाजली नाही, कारण यायचे ते सगळे आतच होते. सोनटक्केबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“एक मात्र म्हणायला हवं,” त्या म्हणाल्या. “वहिनी फार…”

हेरंब उठून उभा राहिला. दोन वर्षांत त्याला चार माणसांसमोर असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“थांबा, काकू. माझा वहिनीवर किती जीव होता, ते कुणीच बोललं नाही. ते आधी बोला.”

सोनटक्केबाईंनी विश्रामकडे पाहिलं. विश्राम जेवत होते. त्यांनी मान डोलावली. मी हेरंबला ओरडून सांगणार होते की खाली बस. पण माझा माणूस आडाशी जागा झालेला होता आणि हा गेम कुणासाठी थांबत नाही.

सोनटक्केबाई फार छान बोलल्या, ते कबूल करायला हवं. “त्या दवाखान्यात होत्या ना, तेव्हा हा तिथल्या खालच्या पायरीवर झोपायचा,” त्या म्हणाल्या. “परत आलेला डबा हातात धरून सांगायचा, आज दोन घास खाल्ले, आज तीन. आपल्या माणसांत असं नाही हो बघायला मिळत.” खरं आहे, खरं आहे, असं सतरंजीभर झालं. ते गुण माझे नव्हते, हेरंबचे होते, पण सतरंजीवर कुणी तसा भेद केला नाही.

मी पूल ओलांडला. तळहाताएवढ्या फटीत गुडघा आला. तो वाकला आणि मी हलले नाही. तो थांबला आणि मी हलले नाही. तो पुढे झाला तेव्हा मी डावीकडे लोळले आणि काठी घातली, पुन्हा लोळले, पुन्हा घातली. भालाईत दमलेला म्हातारा ओट्यावर टेकतो तसा कठड्यावर टेकला आणि मागच्या मागे पुलाखाली गेला. वेस उघडली. पलीकडे मोकळं रान होतं आणि वारं सुटलेलं होतं.

मी कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि हसत सुटले. मेलेल्या बाईनं एवढं हसू नये म्हणून दोन-तीन लोकांनी मागे वळून पाहिलं.

“मजा आली,” मी म्हटलं. “हेरंब, मजा आली रे. अगदी मनापासून.”

तो सतरंजीच्या कडेला बसला होता, कुणाच्या तरी सोबतीनं आलेला माणूस बसतो तसा, हात मांडीवर ठेवून. माझ्याकडे त्यानं पाहिलं आणि जरा अदबीनं पुढे वाकला.

“तुमचं कोण गेलं?”

सोनटक्केबाईंनी त्याला ताट वाढलं. त्यानं रीत म्हणून दोन घास खाल्ले आणि हात धुतला. वेस मी ओलांडली, मजा मला आली, विश्रामना पोटभर पिठलं मिळालं. भरलं सगळं त्यानं, आणि कशापायी भरलं तेही त्याला ठाऊक राहिलं नव्हतं. अशा घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. हेरंबनं चपला घातल्या, दार हळू ओढून घेतलं, आणि तो म्हणाला नाही.