मास्तरांशी भांडायचं नाही

मास्तरांशी कुणी भांडायचं नाही, असा फतवा मुलाने काढला आणि काकूंच्या घरात सुतकी शांतता पसरली. अर्धांगवायूच्या झटक्याने मास्तरांचा, म्हणजे काकूंच्या शिंपी नवऱ्याचा, उजवा हात आणि पाय गेला होता, जीभ जड झाली होती. डॉक्टर म्हणाले, मनावर घेतलं तर बोलतील. पण मास्तरांनी मनावर घेतलं होतं ते भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे.

येणारा-जाणारा त्यांच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसा बोले. "शहाणे ना तुम्ही? एवढा एकच घास!" ऐकून काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. हा माणूस आणि शहाणा? शिलाईच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी जन्मभर भांडण केलं होतं. मास्तर कापड कापत, मशीनवर शिवत. काकू काज-बटणं आणि हातशिलाई करत. आणि टाक्याटाक्याला एकमेकांचा उद्धार चाले. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. आता तिथेच मास्तरांचा पलंग टाकला होता.

"रविवारी एक जण मशीन न्यायला येतोय," मुलगा म्हणाला. "मग तुम्ही दोघं वृद्धाश्रमात. तिथे सगळी सोय आहे. तुला एकटीला झेपायचं नाही, आई."

"मला काय झेपतं ते मी बघेन," काकू फणकारल्या.

झेपत नव्हतंच. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, चहासुद्धा अंदाजाने ओतावा लागे. ऑपरेशन करा, असं डॉक्टर केव्हाचे सांगत होते. पण त्या आडव्या झाल्या तर मास्तरांना उठवणार कोण? म्हणून काकूंनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

टेबलावर औषधवाल्याचा कोट पडला होता. मास्तरांनीच शिवत आणलेला, फक्त बाह्या लावायच्या राहिलेल्या. शनिवारी दुपारी काकूंनी कंबर कसली. मशीन जाणारच असेल तर जाऊ दे, पण काम अर्धवट ठेवून नाही! बाही लावणं हा मास्तरांचा प्रांत, तिथे त्यांनी बायकोला कधी फिरकू दिलं नव्हतं. काकूंनी बोटांनी चाचपत टीप मारली आणि कोट मास्तरांच्या समोरच्या भिंतीवर खुंटीला लावला. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. दोन्ही हात मागे झुकलेले, आतला माणूस पळून जायच्या बेतात असावा तसे. काकूंना त्यातलं काही दिसलं नाही.

पलंगावरून घोगरा आवाज आला. "आंधळी... आहेस का?"

झटक्यानंतरचं हे पहिलं वाक्य. दुसरी कुणी असती तर रडली असती. काकू भडकल्या.

"हो, आहे! मोतीबिंदू झालाय दोन्ही डोळ्यांत! सांगू कुणाला? तुम्ही तर त्या भिंतीशी संसार मांडलाय!"

मास्तरांनी भिंतीकडून तोंड वळवलं. आपण कुणाला एकटं टाकलं, हे त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांचा डावा हात चादरीतून बाहेर आला.

"उसव."

"पडल्या पडल्या हुकूम सोडू नका. इथे येऊन सांगा!"

काकूंच्या खांद्यावर भार टाकून, पाय ओढत, शिव्या देत मास्तर मशीनजवळच्या खुर्चीपर्यंत आले.

रविवारी मुलगा मशीनचं गिऱ्हाईक घेऊन आला, तेव्हा आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"खाली... खाली घे, म्हशी!"

"म्हैस असेल तुमची आत्या!"

मुलगा धावतच आत शिरला. "आई! काय सांगितलं होतं मी?"

"बाह्या... उलट्या लावल्या हिने," मास्तरांनी तक्रार केली. बापाचा आवाज ऐकून मुलगा जागच्या जागी थबकला. मग त्याचा चेहरा उजळला.

"मुद्दाम ना, आई? त्यांना बोलतं करायला?"

हो म्हटलं असतं तर हुशारीची शाबासकी मिळाली असती आणि गुपितही झाकलं गेलं असतं. पण काकूंना झाकण्याचाच वीट आला होता.

"मुद्दाम कसलं! दिसलं नाही मला. मोतीबिंदू आहे."

मुलगा मटकन पलंगावर बसला. "म्हणजे तुम्ही दोघंही..."

"दोघंही. त्यांचा हात गेला, माझे डोळे चाललेत. उरलंय त्यात दोघांचा मिळून एक शिंपी होतो. तुला सोयच करायची आहे ना? मग माझ्या ऑपरेशनची तारीख घे, आणि मी आडवी असेन तोवर इथे राहून बापाच्या शिव्या खा!"

दारातलं गिऱ्हाईक खाकरलं. "मशीन उचलू ना?"

मास्तरांनी डावा हात मशीनच्या चाकावर ठेवला. "काम... चालू आहे."

मुलाने गिऱ्हाइकाला हात जोडले, स्टूल ओढलं, उसवायची राहिलेली बाही मांडीवर घेतली आणि कात्री उचलली.

"कात्री कशी धरलीस, गाढवा!" मास्तर ओरडले. या वेळी जीभ कुठेच अडखळली नाही.