पहिल्या बाजूचा ड्रम

सुई टेकली, आणि पहिल्याच सुराला तिला कळलं. हे पहिलं गाणं नव्हतं. हे सहावं होतं. तिने रेकॉर्ड उलटी लावली होती.

हात अजून सुईच्या दांडीपाशीच होता. दोन बोटांनी उचलायची, रेकॉर्ड पालटायची, सॉरी म्हणायचं. शाळेत ती दिवसाला दहा वेळा सॉरी म्हणायची. पण या टेबलावर एकदा सुई टेकली की बाजू संपेपर्यंत कोणी तिला हात लावायचा नाही. बोलायचं नाही, उठायचं नाही, खोकला आला तर रुमालात खोकायचा. नियम दुकानवाल्या मावशींचा. मागे एकदा छत गळायला लागलं, तेव्हाही त्यांनी बाजू संपल्यावरच बादली आणली होती.

तिने हात मागे घेतला आणि समोर आजोबांकडे पाहिलं.

आजोबा डोळे मिटून बसले होते. उजवा तळवा टेबलावर पालथा, बोटं पसरलेली. स्पीकर त्याच टेबलाच्या टोकाला होते. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा काय तल्लीन झालाय. तो तळवा तिथे कशाला आहे, हे या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी घरी किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली आणि आजोबा त्या किटलीशेजारीच पेपर वाचत बसले होते. तेव्हा तिला कळलं. समोर बसून, तोंडाकडे बघत बोललं तर त्यांना बोलणं समजायचं. गाणं मात्र गेलं होतं. कानात घालायचं यंत्र त्यांनी गुपचूप आणलं होतं आणि तिसऱ्या दिवशी मोज्यांच्या खणात टाकून दिलं होतं. त्यातून गाणी पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी येतात म्हणाले.

"कान गेले तरी हात आहे," त्यांनी तिला सांगितलं होतं. "ठोका हाताला लागतो. ठोका लागला की बाकीचं मला पाठ आहे. पण दुकानात कोणाला बोलायचं नाही. कळलं तर ते मला हाकलणार नाहीत. सांभाळून घेतील."

'सांभाळून घेतील' हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं होतं, की दुसरं कोणी 'फासावर देतील' म्हणावं.

दुकानाच्या मागच्या या खोलीत भिंतीवर सहा खिळे होते, सहा दशकांचे सहा. प्रत्येक खिळ्यावर त्या दशकातली एकच रेकॉर्ड, आणि तीही छोट्या कंपनीची. ज्या कंपनीच्या दारात वॉचमन आहे ती इथे चालत नाही, असं रेडिओकाका म्हणायचे. रेडिओकाकांनी आयुष्यभर रेडिओवर गाण्यांच्या आधीचं बोलणं बोललं होतं आणि निवृत्त झाल्यावरही ते थांबलं नव्हतं. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी कोणीतरी भिंतीवरच्या एका रेकॉर्डला आव्हान द्यायचं. आपली आणायची, एक बाजू वाजवायची, मग भांडण, मग हात वर. जिंकली तर जुनी खाली, नवी खिळ्यावर. भांडणातला पहिला शब्द मात्र कायम आजोबांचा. रेकॉर्ड ज्या साच्यावरून निघते त्या साच्यावर चाळीस वर्षं त्यांनी खाचा कोरल्या होत्या. बाकीच्यांनी नुसत्या ऐकल्या होत्या.

आज आव्हान तिचं होतं. पंधराव्या वर्षी या टेबलावर आव्हान देणारी ती पहिलीच. अर्ध्या वर्गाला सांगून झालं होतं, उरलेल्या अर्ध्याला ती उद्या सांगणार होती. रेकॉर्डचं नाव 'उशिराची शाळा'. दोन बहिणींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या गॅरेजमध्ये कंपनी काढली, या एका रेकॉर्डच्या चारशे प्रती काढल्या आणि कंपनीला कुलूप लावलं. वेगवेगळी लेबलं छापायची ऐपत नव्हती म्हणून दोन्ही बाजूंना एकच लेबल. बाजू ओळखायची ती लेबलाच्या कडेला खिळ्याने ओरखडलेल्या खुणेवरून: पहिल्या बाजूला एक रेघ, दुसरीला दोन. आठवडाभर ती रोज रेघ बघून रेकॉर्ड लावत होती आणि आजोबा स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून पहिली बाजू पाठ करत होते. आज मात्र मास्तर तिच्या हातांकडे बघत होते, आणि मास्तर बघत असले की तिचे हात दुसऱ्या कोणाचे तरी व्हायचे.

मास्तर तिच्याच शाळेत भूमिती शिकवायचे. वर्तुळ कितीही गोल काढलं तरी मध्यबिंदूला नाव दिलं नाही म्हणून गुण कापणारा माणूस. आजोबांशी त्यांचं तीस वर्षांचं भांडण होतं. आजोबा एक वाक्य बोलले की मास्तर त्याला दोन भोकं पाडायचे, आणि रविवारभर दोघेही खूश असायचे.

पहिल्या बाजूला दुसऱ्याच गाण्यात मोठा ड्रम होता, छातीत बुक्का बसावा असा. या बाजूला ड्रम नव्हता. एक बाई, एक अ‍ॅकॉर्डियन आणि मधूनच खुर्ची करकरल्याचा आवाज. बावीस मिनिटं.

ती आजोबांच्या तळव्याकडे बघत बसली. चौथ्या मिनिटाला करंगळी हलली. सातव्या मिनिटाला त्यांनी तळवा उचलला, पँटला पुसला आणि परत ठेवला, आणखी दाबून. एकदा डोळे उघडले असते तर तिने नुसत्या ओठांनी सांगितलं असतं. टेबलाखालून तिने पाय लांब केला. तो रेडिओकाकांना लागला. काकांनी पाय आखडून घेतले आणि तिच्याकडे बघून माफी मागितल्यासारखे हसले. आजोबांच्या बोटांची टोकं दाबून पांढरी पडली होती.

बाजू संपली. मावशींनी सुई उचलली, आजोबांच्या दंडाला हलकेच हात लावला आणि त्यांनी डोळे उघडल्यावर म्हणाल्या, "बोला."

"आजोबा, एक मिनिट, मी ना..."

"टिटवी, थांब," मास्तर म्हणाले. ती सतत बोलते म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. "पहिला शब्द त्यांचा."

आजोबांनी तळवा टेबलावरून काढून मांडीवर ठेवला.

"कुठल्याही चांगल्या रेकॉर्डला एक दार असतं," ते म्हणाले. "तिथवर तुम्ही बाहेर असता. या रेकॉर्डचं दार म्हणजे दुसऱ्या गाण्यातला तो ड्रम. लांबून चालत येतो. कोरणाऱ्याने तो खोल जाऊ दिलाय. मी असतो तर घाबरून उथळ केला असता, सुई उडेल म्हणून. तो घाबरला नाही. तेवढ्यासाठी ही भिंतीवर हवी."

रेडिओकाका कपाच्या तळाशी काहीतरी शोधू लागले. मावशी रेकॉर्ड हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांचा अंगठा लेबलाच्या कडेवरून फिरला आणि दोन रेघांवर थांबला. तिने मावशींकडे बघायचं टाळलं आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढला होता. चष्मा काढला की ते भोक पाडायचे, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. तिचे कान गरम झाले. आता. आता म्हणतील, कुठला ड्रम?

मास्तरांनी चष्मा पुसला, पुसतच राहिले. मग तो डोळ्यांवर चढवून ते आजोबांच्या अगदी समोर वळले.

"ड्रम," ते म्हणाले, "जरा जास्तच आहे."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"जास्त नाही हो, पुढे आहे," रेडिओकाका म्हणाले. "मागे हवा होता."

"मागे कुठे ठेवणार?" मावशी म्हणाल्या. "गॅरेज होतं ते. मागे सायकली."

आजोबा हसले. सगळेच हसले. मग मास्तरांनी तिने आव्हान दिलेल्या भिंतीवरच्या रेकॉर्डची बाजू घेतली. ती 'खिडकीखालचं पाणी'. एका दातांच्या डॉक्टरने दवाखान्याच्या वरच्या खोलीत काढलेल्या कंपनीची.

"खपली नाही म्हणून थोर, हा हिशोब मला पटत नाही," मास्तर म्हणाले. "चारशे काढल्या, तीनशे त्या बहिणींच्या पलंगाखाली राहिल्या. वाईट झालं. पण कीव आली म्हणून भिंतीवर टांगायची का?"

"कीव कोण करतंय," आजोबा म्हणाले. "डॉक्टरची रेकॉर्ड स्वच्छ आहे. दात घासल्यासारखी. पण तुला तिथे कोणी माणूस भेटला का?"

"आणि तुमच्या ड्रममध्ये भेटला?"

"भेटला."

"मला डोकेदुखी भेटली."

अगदी नेहमीसारखं चाललं होतं. ते नेहमीसारखं होतं याचीच तिला भीती वाटत होती. चार मोठी माणसं एका ड्रमवरून भांडत होती आणि तो ड्रम या खोलीत वाजलाच नव्हता.

"टिटवी, रेकॉर्ड तुझी," मास्तर म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

आजोबा तिच्या ओठांकडे बघत होते. घरून तिने पाच मुद्दे लिहून आणले होते, कागद खिशात होता.

"ड्रम आहे तसाच हवा," ती म्हणाली.

मत घेतलं. आव्हान देणाऱ्याला मत नसतं. आजोबांचा आणि मावशींचा हात वर, रेडिओकाका आणि मास्तर विरुद्ध. बरोबरी झाली की जुनी राहते. आठवडाभर ज्या हरण्याच्या भीतीने तिला जेवण गेलं नव्हतं, ते हरणं आलं आणि गेलं, तिला पत्ताही लागला नाही.

आजोबा पुढच्या दुकानात कोट घालत होते. मास्तरांनी रेकॉर्ड कव्हरमध्ये घालून तिच्या हातात दिली.

"दोन रेघा होत्या," ते हळू म्हणाले. "पुढच्या वेळी बघून लाव."

"तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"तू यायला लागलीस त्याच्या आधीपासून." मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आणि गृहपाठ उद्याच हवा आहे."

बसथांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. दुकानं बंद, रस्त्यावर दुपारचं रिकामं ऊन. आजोबा थांब्याच्या लोखंडी खांबाला टेकून उभे राहायचे. आज ते खांबापासून लांब उभे होते. उजवा हात कोटाच्या खिशात.

"हरलो म्हणून वाईट वाटलं का?" तिने त्यांच्या समोर येऊन विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग खिशातून हात काढला आणि दुसऱ्या कोणाचा तरी हातमोजा सापडावा तसे त्याच्याकडे बघत राहिले.

"ड्रम लागला नाही," ते म्हणाले.

"काय?"

"हाताला. काहीच नाही आलं. मला वाटलं अजून यायचाय, अजून यायचाय. मग बाजूच संपली. म्हटलं, नसेल वाजला, काहीतरी गडबड असेल. म्हणून मुद्दाम ड्रमचंच बोललो. नसता वाजला तर मास्तरने मला तिथेच सोललं असतं." त्यांनी हात परत खिशात घातला. "तर तो म्हणाला, जास्तच आहे. सगळ्यांना लागला. टेबल हलत असेल आणि मला काही नाही. म्हणजे आता हातही गेला."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, बस चुकली म्हणावं तसं. पण ते घाबरले होते, आणि तिने आजवर आजोबांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मोठी माणसं घाबरली की कशी दिसतात हेच तिला माहीत नव्हतं. लहान दिसतात.

गप्प राहिलं तर त्यांचा पहिला शब्द राहील, मास्तरांचं भांडण राहील. रविवार राहतील. तिने रेकॉर्ड छातीशी घट्ट धरली. आजोबा खिशातल्या खिशात बोटं चोळत होते, कोटाचं कापड हलत होतं.

ती सरकून बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"ड्रम नव्हताच, आजोबा. मी दुसरी बाजू लावली. रेघ बघितली नाही."

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, ओठ थांबल्यावरही.

"परत सांग."

तिने परत सांगितलं. हळू, एकेक शब्द.

"मग मास्तर..."

"त्यांना माहीत आहे. सगळ्यांनाच. माझ्या आधीपासून."

आजोबा बाकावर बसले. ती वाट बघत राहिली, ते ओरडतील म्हणून, रडतील म्हणून. ते समोरच्या बंद शटरकडे बघत होते.

"तीस वर्षं," ते शेवटी म्हणाले, "त्याने माझं एक वाक्य धड जाऊ दिलं नाही."

मग उठले. खिशातून हात काढला, आणि गरम तव्याचा अंदाज घ्यावा तसा सावकाश नेऊन लोखंडी खांबावर टेकवला. बोटं पसरली. डोळे मिटले.

रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. कुठे काही आवाज नव्हता. तिचे कान तर चांगले होते.

"आली," आजोबा म्हणाले.

तिने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वळणावर एक कागद लोळत होता. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातपर्यंत आली तेव्हा तिला परत आजोबांकडे बघायचा धीर होईना. नऊ. दहा.

वळणावरून बसचं नाक दिसलं.

तिने बस थांबवायला हात केला. बस येऊन उभी राहिली, दार उघडलं, ड्रायव्हर खोळंबला, तरी आजोबांनी खांबावरचा हात काढला नव्हता.