वरचं तळं की खालचा डोह

"बोट उचला आधी. जागा मी ठरवणार," मी ह्यांना म्हणाले.

टेबलावर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले होते आणि ह्यांचं बोट डोंगरातल्या वरच्या तळ्यावर रुतून बसलं होतं. आमच्या घरचा नियमच आहे, गेल्या वर्षी ज्याच्या गळाला एकही मासा लागला नाही, त्यानं यंदाची जागा निवडायची. यंदा तो मान माझा. बावीस वर्षांत पहिल्यांदा. एक भला मोठा हातातून निसटला होता, पण निसटलेला मासा ह्या घरात मोजत नाहीत. तो नियमही माझाच, आता कुणाच्या नावानं बोटं मोडू?

"निवड की मग," हे म्हणाले. "पण जरा डोकं लावून निवड. गाडी सोडून चार तास चाललं की वर चिटपाखरू नाही. कुणाचा रेडिओ नाही, कुणाची कार्टी पाण्यात दगड मारत नाहीत. बघ, पाणी कसं निळंशार आहे!"

"कागदावर सगळंच पाणी निळं असतं."

सूनबाई फिस्सकन हसली. मग म्हणाली, "पण बाबा, छातीचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत. डॉक्टर काय म्हणाले?"

"चाला म्हणाले."

"सपाटीवर चाला म्हणाले."

"त्याला काय कळतंय मासेमारीतलं? आयुष्यात कधी गळ धरला नसेल त्यानं."

मी शाळेत तिसरीपुढे गेले नाही. नकाशावरची बारीक अक्षरं मला लागत नाहीत. पण तपकिरी रेषा दाटीवाटीनं आल्या की चढ, एवढं मला ह्यांनीच शिकवलंय. वरच्या तळ्याच्या वाटेवर त्या रेषा कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या होत्या. खाली ओढा वळतो तिथे एक डोह होता. तासाभराची सपाट वाट.

खरं सांगते, मलाही वरचं तळंच हवं होतं. आठवडाभर माझा पाय घरात ठरत नव्हता. गळ घासून झाले, दोरीच्या गाठी तीनदा बांधून तीनदा सोडल्या, भाजीत मीठ दोनदा पडलं आणि मी ते सुनेवर ढकललं.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

सकाळी ह्यांनी पाठीवर सामानाची पिशवी घेतली. "घड्याळ लावून बस. तीन मजले एका दमात चढून दाखवतो!" म्हणत खाली गेले. मी वर दारात उभी राहिले.

हे चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात पंपमेकॅनिक होते. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पंपाला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि ऐकत राहायचे. घरी येऊन सांगायचे, "बंद पडायच्या आधी पंप हवा ओढतो. ज्याला कान आहे त्याला कळतं." इतकी वर्षं ऐकून मलाही कान आलाय.

पहिला मजला झकास चढले. दुसऱ्यावर पावलं थांबली. मग ह्यांचा आवाज आला, "काय, कसं काय? बरंय ना सगळं? ...हो, हो, आम्ही तळ्यावर चाललोय!" दोन वाक्यांच्या मधे हवा ओढल्याचा आवाज.

दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला पंधरा दिवस कुलूप आहे.

वर आले तेव्हा कपाळ घामानं भिजलं होतं आणि चेहरा नुसता फुलला होता. "बघितलंस? वाटेत गप्पा मारल्या म्हणून, नाहीतर याच्या निम्म्या वेळात आलो असतो."

सूनबाईनं विचारायला तोंड उघडलं, "बाबा, पण ते लोक तर..."

"खालचा डोह," मी मधेच म्हणाले. "ठरलं."

"का?"

"माझा गुडघा धरलाय."

ह्या घरात आल्यापासून सुनेनं माझ्या तोंडून कधी 'दुखतंय' ऐकलं नव्हतं. दाढ काढून आले त्या दिवशीही मी पाहुण्यांना जेवू घातलं होतं. तिच्यासमोर ते शब्द काढताना जीभ जड झाली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग नकाशाची घडी घालायला लागली.

ह्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग छाती पुढे आली. "अगं, मग आधी बोलायचं ना! जा, तुझ्यासाठी सोडलं वरचं तळं."

"फार उपकार झाले."

रविवारी उजाडताच आम्ही तिघं निघालो. गाडी सोडली, वाट झाडीत शिरली. पायाखाली ओली पानं, बाकी कसला आवाज नाही. थोड्या वेळानं लांबून ओढा ऐकू आला आणि मला राहवेना. पाणी दिसायच्या आधी त्याचा वास येतो, तो आला. मी झपाझपा पुढे सुटले. आज मोठा लागणारच, मनात म्हटलं, आणि यंदा सुटू द्यायचा नाही!

सूनबाई धावत माझ्याजवळ आली. माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "आई, गुडघा."

मी मागे वळून पाहिलं. हे वीस पावलं मागे होते. एका झाडाला हात टेकून, झाड किती उंच आहे ते बघत होते.

मी लंगडायला लागले.

ते जवळ आले. माझ्या हातातली गळाची काठी काढून घेतली. "नसती घाई तुला. सावकाश चाल. मासे काही पळून जात नाहीत."

आणि माझ्यासाठी ते हळूहळू चालू लागले.