न केलेली दुरुस्ती

“पंखा करकरतो का हो रात्री?” मिस्त्रींनी विचारलं आणि अख्खा वर्ग हसला.

समोरच्या खुर्चीत शिक्षिकाबाई झोप हरवलेल्या एका बाईची भूमिका करत होत्या. नवऱ्याशी बोलणं तुटलंय, रात्र रात्र डोळा लागत नाही, असं कळवळून सांगत होत्या. मिस्त्रींनी फक्त ऐकायचं होतं आणि ऐकलं ते पोचलं, एवढं तिला कळू द्यायचं होतं. पण मिस्त्री पंख्यावरून गादीवर गेले, गादीवरून खिडकीच्या बिजागरीवर, आणि शेवटी रविवारी हत्यारं घेऊन घरीच येतो म्हणाले.

बाईंनी नापास केलं. प्रेमाने केलं, पण केलं. उद्या आणखी एक संधी होती. तीही हुकली तर आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष कामाला पाठवणार नव्हते, म्हणजे मानसिक आणि सामाजिक आरोग्यसेवेचा अभ्यासक्रम तिथेच संपला असता.

मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. पाठीने दगा दिल्यावर घरात बसून बसून जीव विटला, तेव्हा पन्नाशी उलटलेली असताना ते कम्युनिटी कॉलेजात पोरासोरांच्या बाकावर जाऊन बसले. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला दाराबाहेरून धीर देण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं त्यांना वाटायचं. ते खोटं नव्हतं. फक्त तिथे बोलून झालं की दार उघडून देता यायचं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी बायकोला गळ घातली, की तू ती बाई हो, मी ऐकायचा सराव करतो. बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती आणि घरीही ग्रंथालयात असल्यासारखीच बोलायची. मला नाटकं जमत नाहीत, म्हणाली. मग हात पुसून समोर बसली आणि थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिली.

“आई शेवटी माझ्याकडेच होती,” ती म्हणाली. “ती गेली, आणि आठवड्याने मी कामावरून आले तर तिची खोली रंगवलेली. पलंग काढून टाकलेला. नवऱ्याला वाटलं, मला बरं वाटेल.”

हे नाटक नव्हे, हे मिस्त्रींना कळलं. अगं, तुझ्यासाठीच केलं, दिवसभर एकटा खपलो, हे अगदी ओठांवर आलं. पलंग उद्याच परत आणतो, हेही आलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्या हातांचा काही भरवसा नव्हता.

“त्या खोलीला तिचा वास होता. मी दार लावून बसायचे तिथे. मग कितीतरी दिवस नुसता रंगाचा वास यायचा. आता तर तोही येत नाही.”



“तुला अजून तिच्याजवळ बसायचं होतं,” मिस्त्री म्हणाले. “आणि जागाच राहिली नाही.”

बायको रडायला लागली. आई गेल्यापासून त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. उठून पाणी द्यावं, निदान काहीतरी बोलावं, असं त्यांना फार वाटलं, पण ते बसून राहिले. उद्याची परीक्षा त्यांच्या डोक्यातून पार गेली होती.

तिने डोळे कोरडे केले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“अजून आहे,” ती म्हणाली. “ऐकाल?”

मिस्त्रींनी खुर्ची थोडी पुढे ओढली.